भूकंपानंतरचें एक घर

१९६७ सालच्या डिसेंबरची ११ तारीख. पहाटेचे सवाचार वाजून गेले होते. आम्ही त्या वेळीं सात वर्षांचे होतों आणि कऱ्हाडास एका जुन्या वाड्याच्या माजघरांत आजीच्या कुशींत निजलों होतों. कोयनेच्या भूकंपाची आमची स्वतःची आठवण एवढीच, कीं फळीवरचीं पितळेचीं भांडीं एकाएकीं वाजूं लागलीं, कोणीतरी आम्हांस गाठोड्यासारखें उचललें, आणि पुढच्या क्षणीं आम्ही अंगणांत तुळशीवृंदावनापाशीं कुडकुडत उभे होतों. कोयनानगरास त्या पहाटे जें झालें तें भयंकर होतें. दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं, वसाहतींतील बहुतेक घरें मोडलीं. आमच्या वाड्याची मात्र एक भिंत तडकली, इतकेंच.

परंतु त्या पहाटेची दुसरी एक गोष्ट आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळली, ती सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. वाड्याच्या मागल्या बाजूस एक गृहस्थ आपल्या वृद्ध मातुःश्रींसह राहत असत. हादरा बसतांच ते सर्वांच्या आधीं अंगणांत पोंचले, पण एकटेच. म्हातारीस गुडघ्यांमुळें उठवत नसे, ती आंतच राहिली. तिला कांहीं इजा झाली नाहीं, घरही पडलें नाहीं. हादरे थांबल्यावर हे गृहस्थ आंत गेले आणि आईस पाठुंगळीं घेऊन बाहेर आले. त्या माउलीनें ह्याविषयीं कधीं चकार शब्द काढला नाहीं, आणि वाड्यांतील इतरांनींही काढला नाहीं. मात्र ती जिवंत असेतों ते गृहस्थ पुन्हां कधीं रात्रीं परगांवीं राहिले नाहींत. आमच्या मातुःश्री म्हणत कीं, पूर्वीं ती त्याला उठतां बसतां बोल लावीत असे. त्या दिवसापासून तिनें त्याला रागें भरणें सोडलें, आणि तेंच त्याला फार लागलें.

जमीन हालते ती कांहीं सेकंदच. नंतर घरोघरीं जें हालतें तें वर्षानुवर्षें चालूं राहतें, आणि त्याची नोंद कोणत्याही वेधशाळेंत होत नाहीं. ह्या दुसऱ्या हालण्यावर रचलेलें एक इंग्रजी नाटक नुकतेंच आमच्या वाचनांत आलें. तें वाचून आम्हांस वरील म्हातारी आठवली, आणि दुसरेंही एक असें आठवलें कीं जें न आठवतें तर बरें होतें. नाटकाचा परिचय आमच्या वाचकांस करून द्यावा ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

नाटकाचें नांव ‘दि चिल्ड्रेन’, म्हणजे ‘मुलें’. लेखिका लूसी कर्कवुड. चीन आणि अमेरिका ह्यांच्या संबंधांवर तिनें लिहिलेलें ‘चिमेरिका’ हें नाटक २०१३ सालीं लंडनमध्यें गाजलें होतें व त्यास पुढील वर्षीं ऑलिव्हिए पारितोषिकही मिळालें. ‘दि चिल्ड्रेन’ लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहांत नोव्हेंबर २०१६ मध्यें प्रथम झालें. तेव्हां ह्या लेखिकेनें पस्तिशीही ओलांडलेली नव्हती. दिग्दर्शक जेम्स मॅकडोनल्ड, आणि पात्रें अवघीं तीन. फ्रान्सेस्का ॲनिस, डेबोरा फिंडले व रॉन कुक ह्या तिघांनीं तीं लंडनांत उभीं केलीं आणि दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरांत न्यूयॉर्कसही नेलीं. आम्हांस प्रयोग पाहण्याचा योग आलेला नाहीं. आम्हीं पुस्तक वाचलें. आमच्या धाकट्या सूनबाई महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितात. त्यांच्या कपाटांत तें सांपडलें, आणि रात्रीच्या जेवणानंतर दोन बैठकींत आम्हीं तें घरांत मोठ्यानें वाचून दाखविलें. म्हणजे इंग्रजी वाचावयाचें आम्हीं, अडेल तेथें सांगावयाचें सूनबाईंनीं, आणि मराठींत ऐकावयाचें सर्वांनीं. ऐकणारांत आमचे वडील बंधु ती. दादा, सौ. वहिनी, आमच्या सौभाग्यवती व दोन पुतणे होते.

हें नाटक आम्हांस आवडण्याचें पहिलें कारण अगदीं स्वार्थी आहे. त्यांतील तिन्ही पात्रें साठी उलटलेलीं आहेत. संस्कृत नाटकांत आमच्या वयाच्या मनुष्यास फार तर कंचुक्याचें काम मिळावयाचें. हातांत वेत घेऊन यावें, म्हातारपणाबद्दल एखादा श्लोक म्हणावा, निरोप सांगावा आणि चालूं लागावें. येथें कंचुकीच सारें नाटक चालवितात. राजा नाहीं, राणी नाहीं, विदूषक नाहीं, मध्यंतरही नाहीं. एका संध्याकाळीं एका स्वयंपाकघरांत जें घडलें तें सलग समोर येतें. आमच्या शास्त्रकारांनीं रंगभूमीवर भोजन निषिद्ध मानिलें. येथें पानें वाढलीं जातात. शौचकूपाचाही विषय निघतो, आणि तो विनोदापुरता नसून कथानकास खरोखरच उपयोगी पडतो. तो भाग आला तेव्हां आम्हीं सूनबाईंकडे पाहिलें, सूनबाईंनीं पुस्तकाकडे पाहिलें, आणि शेवटीं वहिनींनींच, ‘अहो भाऊजी, वाचा कीं, आम्हीं कांहीं तें ऐकलेलें नाहीं असें थोडेंच आहे!’ म्हणून आमची सुटका केली.

कथा अशी. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर एक लहानसें उसनें घर आहे. समुद्र तेथील जमीन खात चालला आहे, त्यामुळें घराचा मजलाही किंचित् कललेला. कांहीं काळापूर्वीं भूकंप झाला, त्यामागोमाग समुद्र चालून आला, आणि जवळच्या अणुविद्युत्-केंद्राचा घात झाला. वीज ठराविक वेळींच येते. किरणोत्सर्ग मोजण्याचें यंत्र घरांत असें हाताशीं असतें, जसा आपल्याकडे तापमापक असावा. ह्या घरांत हेझल आणि रॉबिन हें जोडपें राहतें. दोघांनींही आयुष्यभर त्याच केंद्रांत काम केलें, निवृत्त झाल्यावर शेती केली, गाई पाळल्या. आणि आतां तें शेत निषिद्ध टापूंत गेलें म्हणून तीं येथें येऊन राहिलीं आहेत. हेझल मोठी टापटिपीची बाई. नेमानें योगासनें करते, पालेभाज्या खाते, जगण्याविषयीं तिचे ठाम नियम आहेत. रॉबिन रोज त्या निषिद्ध टापूंत जातो. गाईंना चारापाणी करावयास जातों, असें बायकोस सांगून.

एके दिवशीं त्यांच्या दाराशीं रोझ येते. हीही त्यांच्याबरोबर केंद्रांत काम केलेली. अडतीस वर्षांत भेट नाहीं. तिला पाहून हेझल इतकी दचकते कीं तिच्या हातून रोझच्या नाकावर तडाखा बसतो आणि पाहुणीचें स्वागत घोळाणा फुटून होतें. रक्त पुसतां पुसतां रोझ मुलांची चौकशी करते. हेझलला चार अपत्यें. थोरली मुलगी वयानें मोठी पण मनानें अजून आईच्या पदराला धरून असलेली. रोझ अविवाहित, तिला मूल नाहीं. कर्करोगानें एकदां तिला गांठलें होतें, त्यांतून ती वांचली आहे.

पुढें काय व्हावयाचें तें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. रॉबिन आणि रोझ ह्यांचे संबंध एके काळीं मैत्रीच्या पलीकडचे होते, आणि लग्नानंतरही ते सुटले नव्हते. आपल्याकडील कादंबरीकार हें रहस्य शेवटच्या प्रकरणापर्यंत जपून ठेवता, आणि तें फुटतांच बायको मूर्च्छित पडती. कर्कवुडबाईंची हेझल मूर्च्छित पडत नाहीं, कारण तिला हें सारें पहिल्यापासून ठाऊक आहे. ती ठाऊक असूनही ह्या नवऱ्याबरोबर नांदली, त्याचीं चार मुलें वाढविलीं. आम्हांस येथेंच मागल्या अंगणांतली म्हातारी आठवली. ज्याचा घात झाला त्यानें अक्षर न काढतां आयुष्य काढावें, आणि घात करणाऱ्यानें, हिला कळलें आहे काय, ह्याचा विचार करीत काढावें, असे संसार आम्हीं पाहिले आहेत. वाचकांनींही पाहिले असतील.

गाईंचें प्रकरण ह्याहून आम्हांस चटका लावून गेलें. रॉबिन चारा घालावयास जातच नसतो. गाई केव्हांच मेल्या आहेत. तो रोज जाऊन एकेकीस पुरीत असतो, आणि बायकोस हें सांगण्याचें धैर्य त्याला होत नाहीं. ही फसवणूकच, पण जी पूर्वीं केली तिच्याहून किती वेगळी! पहिलें खोटें त्यानें स्वतःच्या सुखाकरितां सांगितलें, दुसरें हेझलच्या समाधानाकरितां. आणि दुसऱ्यापायीं तो विषारी जमिनींत रोज उभा राहतो. लेखिका ह्यावर कांहीं भाष्य करीत नाहीं, हें फार चांगलें करते. हा प्रसंग केवळ कल्पनेचा आहे असेंही कोणी समजूं नये. जपानांत फुकुशिमाच्या अपघातानंतर वीस किलोमीटरच्या टापूंतील गुरें मारून टाकावीं असा सरकारी हुकूम मे २०११ मध्यें निघाला. तेव्हां नामिए गांवच्या मासामि योशिझावा नांवाच्या गोपालकानें तो साफ नाकारला. विकतां न येणारीं, खातां न येणारीं तीनशेंहून अधिक गुरें तो पुढें कित्येक वर्षें पोशीत राहिला.

फुकुशिमाचें नांव निघालें तें बरें झालें. कारण नाटकाचें मूळ तेथेंच आहे. ११ मार्च २०११ रोजीं दुपारीं ईशान्य जपानच्या किनाऱ्यावर ९ परिमाणाचा भूकंप झाला. अठरा हजारांवर माणसें मेलीं किंवा बेपत्ता झालीं, तीं मुख्यतः त्सुनामीच्या पाण्यानें. भूकंप होतांच फुकुशिमा-दाइइची केंद्रांतील चालूं भट्ट्या आपोआप बंद पडल्या, म्हणजे यंत्रानें आपलें काम चोख केलें. परंतु बंद पडलेली भट्टीही कित्येक दिवस आंतून तापत राहते, तिच्यावर पाणी खेळवावें लागतें, आणि पाणी खेळवावयास वीज लागते. बाहेरची वीज भूकंपानें गेली. राखीव डीझेल यंत्रें होतीं, पण त्यांतील बहुतेक तळघरांत होतीं, आणि केंद्राची आखणी करतांना लाटेचा हिशेब धरला होता सुमारें पावणेसहा मीटरांचा. आलेली लाट त्याच्या दुपटीहून उंच होती. तीन भट्ट्यांचे गाभे वितळले, आणि दीड लाखांहून अधिक लोकांना घरें सोडून जावें लागलें. पुढें जपानच्या संसदेनें नेमलेल्या चौकशी-मंडळानें २०१२ सालीं स्पष्ट म्हटलें कीं हा अपघात निसर्गकृत नव्हे, मनुष्यकृत आहे.

आणि ह्याच वेळीं एक विलक्षण गोष्ट घडली. यासुतेरु यामादा नांवाचे ७२ वर्षांचे एक निवृत्त इंजिनियर पुढें आले व त्यांनीं साठी उलटलेल्या कुशल लोकांचें एक पथक उभारण्यास आरंभ केला. थोड्याच आठवड्यांत दोनशेंहून अधिक वृद्धांनीं नांवें दिलीं. त्यांचा युक्तिवाद असा होता कीं, किरणोत्सर्गानें होणारा कर्करोग प्रकट होण्यास कित्येक वर्षें लागतात. आमचें उरलेलें आयुष्य तेवढें लांब नाहीं. म्हणून त्या केंद्राच्या सफाईस तरुणांस न धाडतां आम्हांस धाडावें. ह्यांत वीरश्रीचा आव नव्हता, निव्वळ बेरीज-वजाबाकी होती. आम्हांस तरी ह्या हिशेबापुढें मान लववावीशी वाटली.

रोझ ज्याकरितां आली तें हेंच. ती जुना प्रियकर परत मागावयास आलेली नाहीं, निदान तेवढ्याकरितां नाहीं. बिघडलेल्या केंद्रांत आज जीं माणसें राबत आहेत त्यांत पुष्कळशीं विशी-तिशींतील आहेत, कोणाची बायको गरोदर आहे, कोणाचीं मुलें तान्हीं आहेत. तें केंद्र उभारण्यास हातभार लावला आपण. मग निस्तरावें कोणीं? रोझ स्वतः चालली आहे, आणि आपल्या जुन्या सोबत्यांनींही यावें असें तिचें मागणें आहे. रॉबिन जाण्यास तयार होतो. हेझल होत नाहीं.

नाटकाची सर्व शक्ति ह्या ‘होत नाहीं’ मध्यें आहे. हेझल विचारते त्याचा मथितार्थ असा: मला मुलें आहेत, नातवंडें आहेत, त्यांना मी हवी आहें. मीं अजून पुष्कळ जगावयाचें योजिलें आहे. आणि हें मागणें घेऊन माझ्या दारीं यावें कोणीं? तर हिनें? जिनें माझ्या संसारांत हात घातला, ती आज मला कर्तव्य शिकविणार?

येथें पहिली बैठक संपली आणि घरांत जो वाद माजला तो झोपेची वेळ टळून गेली तरी मिटला नाहीं. वहिनी पूर्णपणें हेझलच्या बाजूच्या. त्या म्हणाल्या, ‘हें बरें आहे! आधीं नवरा दिला, मग गप्प बसून अब्रू राखून दिली, आतां जीवही हिनेंच द्यावा? ती रोझ एकटी आहे, तिचें काय जातें?’ आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें कीं रोझ खोटें बोलत नाहीं हें खरें, पण खरें सांगावयास दुसरें कोणी पाठवितां आलें असतें. सूनबाई बराच वेळ गप्प होत्या. शेवटीं हळूच म्हणाल्या, ‘पण काकू, तिथें आंत जीं काम करताहेत तींही कोणाचीं तरी मुलेंच ना?’ वहिनींनीं उत्तर दिलें नाहीं. सूनबाईंचे धाकटे बंधु एका रासायनिक कारखान्यांत रात्रपाळीस असतात हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें.

ह्यावर ती. दादा जें बोलले तें आम्हांस सुचावयास हवें होतें, कारण संस्कृत आम्हीं शिकविलें, त्यांनीं नव्हे. ते म्हणाले, ‘अरे, हें तर आपलें आदिपर्व!’ आणि खरेंच तसें आहे. ययातीची कथा आपण वासनेची कथा म्हणून सांगतों. वि. स. खांडेकरांनीं १९५९ सालीं आपल्या कादंबरींत ती तशीच सांगितली व ती घरोघरीं वाचली गेली. परंतु तिचा सांगाडा पाहिला तर तो ह्या इंग्रजी नाटकाचाच आहे. देवयानी आणि शर्मिष्ठा ह्या एके काळच्या मैत्रिणी. देवयानी पत्नी झाली, आणि राजानें शर्मिष्ठेशीं चोरून संबंध ठेविला. घात उघडकीस आला, शुक्राचार्यांनीं शाप दिला, राजास अकालीं जरा आली. आणि मग त्या घाताची किंमत कोणीं दिली? राजानें नव्हे. त्यानें आपलें म्हातारपण एकामागून एक मुलांपुढें धरलें; चौघांनीं नाकारलें, आणि धाकट्या पुरूनें आपलें तारुण्य काढून दिलें. वडिलांनीं भोगावें आणि मुलानें फेडावें हा व्यवहार त्या कथेंत इतक्या सहज होतो कीं पुरूच्या त्यागाची स्तुति करतांना ययातीनें हात पुढें केलाच कसा, हें विचारावयाचें आपण विसरतों. गिरीश कर्नाडांनीं आपल्या कानडी नाटकांत पुरूच्या तरुण पत्नीस हा प्रश्न विचारावयास लाविला आहे. मूळ कथेंत ती नाहीं.

कर्कवुडबाईंनीं ययाति वाचला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पण त्यांनीं ती कथा नेमकी उलटी मांडली आहे. येथें पुरूकडे कोणी जात नाहीं. वृद्धांकडेच एक वृद्धा येते आणि म्हणते, तारुण्य मागून घेतलें तें पुरे झालें, आतां परत करूं या.

तथापि दादांच्या उपमेंतली एक अडचण आम्हांस रात्रभर टोंचत राहिली. ययातीनें घात केला आणि ययातीच भोगी झाला, हें सरळ आहे. हेझलचा तर घातच झाला आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचें स्वतःचें देणें त्यामुळें माफ होतें काय? नवऱ्यानें तिला फसविलें, मैत्रिणीनें फसविलें, हें शंभर टक्के खरें. पण त्या केंद्रांतील कागदांवर तिनेंही आयुष्यभर सह्या केल्या, तेंही तितकेंच खरें. आणि त्या सह्यांशीं रोझचा कांहीं संबंध नाहीं. मनुष्याचा स्वभाव असा आहे कीं एक खातें दुसऱ्या खात्यांत वळतें करून घ्यावें. माझें इतकें येणें आहे, तर माझें देणें त्यांतून वजा करा! हेझल हेंच करूं पाहते. आम्हीं तिला दोष देत नाहीं. पण ज्या विशींतल्या पोरास आज त्या भट्टीपाशीं उभें केलें आहे, त्याच्याकडे हेझलचें कांहींच येणें नाहीं.

आपल्या शास्त्रांत मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मास येतो, देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. तिन्ही मागच्यांचीं आहेत. अपत्य जन्मास घातलें कीं पितृऋण फिटलें असें मानितात, आणि हेझलचीही समजूत जवळजवळ तीच आहे: चार मुलें वाढविलीं, आतां माझें कोणाचें कांहीं लागत नाहीं. पुढच्यांचें म्हणून कांहीं ऋण असतें का, ह्यास आम्हांस शास्त्रांत नांव सांपडलें नाहीं. मनूनें मात्र एक व्यवस्था सांगितली आहे कीं अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि नातवंडाचें तोंड पाहिलें कीं गृहस्थानें अरण्याचा मार्ग धरावा. आम्हीं वर्गांत हें शिकवीत असतांना मुलें हंसत असत, कारण त्यांच्या आजोबांपैकीं एकही अरण्यांत गेलेले नव्हते. रोझ दाखविते तें अरण्य निराळें आहे. तेथें कंदमुळेंही खातां यावयाचीं नाहींत.

नाटक सर्वथा निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. रोझ कशाकरितां आली हें कळावयास अर्धें नाटक सरावें लागतें, आणि तोंपर्यंतच्या आडून आडून चाललेल्या बोलण्यानें आमचे दोन्ही पुतणे पेंगूं लागले होते. हेझलच्या नेमनिष्ठ स्वभावाची लेखिका मधून मधून थट्टा करते, तीही आम्हांस रुचली नाहीं. ज्या बाईनें घर सांवरून धरलें तिचीच चेष्टा करणें सोपें असतें. उलट, तिघेंही तारुण्यांतील एक नाच आठवून पुन्हां नाचूं लागतात तो प्रसंग केवळ वाचूनही रम्य वाटला. साठी उलटलेलीं तीन माणसें, बाहेर काळोख, हवेंत विष, आणि पायांस मात्र चाळीस वर्षांपूर्वींची चाल नीट आठवते आहे. त्या घटकाभर कोणीच कोणाचा घात केलेला नसतो.

ह्या पूर्व किनाऱ्यावर सफक् परगण्यांत डनिच नांवाचें एक गांव आहे. मध्ययुगांत तें मोठें बंदर होतें. १२८६ सालच्या तुफानापासून समुद्रानें तें गिळावयास प्रारंभ केला आणि एकामागून एक देवळें पाण्यांत गेलीं. वादळी रात्रीं त्यांच्या घंटा पाण्याखालून ऐकूं येतात असें तेथील लोक सांगतात. तेथून थोड्या मैलांवर त्याच किनाऱ्यास साइझवेलचें अणुविद्युत्-केंद्र आहे. लेखिकेनें आपल्या नाटकांत स्थळाचें नांव घेतलेलें नाहीं, पण बुडालेल्या देवळाच्या घंटा तिनें घेतल्या आहेत, आणि शेवटीं त्या वाजतात.

प्रारंभीं म्हटलें तें आतां सांगून टाकतों. आम्हीं ज्या शाळेंत शेवटचीं सहा वर्षें मुख्याध्यापक होतों, तिच्या पश्चिमेकडील वर्गाच्या भिंतीस एक तडा होता. दर पावसाळ्यानंतर तो रुंदावे आणि दर दिवाळींत आम्हीं तो चुन्या-सिमेंटानें बुजवून घेत असूं. संस्थेकडे दोनदां लिहिलें. पैसा नाहीं असें उत्तर आलें. तिसऱ्यांदा लिहिलें नाहीं, कारण निवृत्तीस वर्षच राहिलें होतें आणि शेवटच्या वर्षीं कोणाशीं वांकडें घेणें नको वाटलें. कारभार सोंपवितांना जी यादी करून देतात तींत ‘इमारत’ ह्या शब्दापुढें आम्हीं ‘सुस्थितींत’ असें लिहिलें. अक्षर आमचें चांगलें आहे. आमच्या जागीं जे तरुण गृहस्थ आले त्यांनीं ती यादी वाचूनच सही केली असणार. आम्हांसही त्या संस्थेनें निवृत्तिवेतनाच्या कामीं फार छळलें होतें, आणि त्यामुळें ‘सुस्थितींत’ लिहितांना मनास फारसें कांहीं लागलें नाहीं, हें आज कबूल करतों.

नाटकाचें वाचन संपलें त्याच्या दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या गृहस्थांस दूरध्वनि केला. त्यांनीं सांगितलें कीं पहिल्याच पावसाळ्यांत त्यांनीं तो वर्ग कुलूप लावून बंद केला, आणि सातवीचीं मुलें तेव्हांपासून ओसरीवर बसतात. ‘सर, तुम्हीं यादींत सुस्थितींत लिहिलें होतें, म्हणून आम्हांला भिंत धरून ठेवायला कोणी पैसा देईना,’ असें ते म्हणाले; आवाजांत राग नव्हता. येत्या सोमवारीं आम्हीं त्यांच्याबरोबर संस्थेच्या चिटणीसांकडे जावयाचें ठरविलें आहे. यादी चुकीची होती असें लेखी द्यावें लागेल.

हेझल शेवटीं जाते कीं नाहीं, हें पुस्तकांत स्पष्ट लिहिलेलें नाहीं. ती नेहमींप्रमाणें योगासनें करूं लागते आणि रोझ तिच्या शेजारीं तसें करूं पाहते. सकाळीं गाडी यावयाची आहे. वहिनींस हें मुळींच पटलें नाहीं. वाटाणे सोलतां सोलतां त्यांनीं सूनबाईंस तीनदां विचारलें, आणि मग हात पदरास पुसून, इंग्रजीचें अक्षर येत नसतां, पुस्तक मागून घेऊन त्याचें शेवटचें पान उलटून पाहिलें.